वीतभर आखूड

"भाताचं भांडं आधी! माणसं मागून, माणसं मागून!"

आईचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. आम्ही बिऱ्हाड बदलायचो तेव्हा ती नव्या दारात हात पसरून उभी राहायची आणि भाताचा कुकर आत गेल्याशिवाय कुणाला पाऊल टाकू द्यायची नाही. बाबांनासुद्धा नाही. भात आधी शिरला की घर माणसांना धरून ठेवतं, असं ती म्हणायची. तिची ही धाकटी लेक पुढे पोटासाठी घरंच सजवायला लागली. त्या घरांत भाताचा कुकर कधी शिरला नाही. शिरला असता तर प्यो मॅडमना घेरी आली असती.

प्यो मॅडम आमच्या सजावटीच्या मुख्य. सोल शहरात इमारतीची पहिली वीट बसायच्या आधी घरं विकून मोकळी होतात. रिकाम्या प्लॉटवर पत्र्याचा मोठा मांडव पडतो, त्या मांडवाच्या पोटात सॅम्पल फ्लॅट, आणि त्या फ्लॅटच्या रिकाम्या पोटात मी, हातात पडद्याच्या कापडाचे तुकडे घेऊन.

ह्या वेळचा फ्लॅट चिमणीच्या खोप्याएवढा. एक खोली, तिच्या कुशीत निजायची जागा, सरकत्या दारामागे लपवलेला ओटा. "सगळं वीतभर आखूड," मी सुताराला सांगितलं. त्याने का म्हणून विचारलं नाही. आमच्या धंद्यात हे असंच असतं. पलंग आखूड, सोफा उथळ, आणि जेवायचं टेबल असं, की त्यावर दोन बशा आणि एखादं नाजूक भांडण मावावं. सामान लहान की खोली मोठी. डोळा बिचारा माप घेत नाही, विश्वास ठेवतो.

शेल्फातली पुस्तकं नुसती पाठीची, आत पान नाही. वाडग्यातली लिंबं मेणाची. खिडकीबाहेर हान नदी, छापील, मागे दिवा लावून उजळलेली. खरी इमारत उभी राहील तेव्हा त्याच खिडकीतून समोरच्या दंतवैद्याची पाटी दिसणार होती. गॅलरी जिथे खोलीत ओढून घेतली होती तिथे जमिनीवर तुटक रेघ मारावी लागते, मूळ खोली कुठे संपते ते घेणाऱ्याला कळावं म्हणून. प्यो मॅडमनी त्या रेघेवर गालिचा अंथरला.

"रेघ दिसली की स्वप्न चिरतं, इन-ओक," त्या म्हणाल्या. मग डोळे मिटून त्यांनी लांब श्वास घेतला. "बघ, घर कसं श्वास घेतंय."

"घेणारच," मी म्हटलं. "आत कुणी राहत नाही ना."

त्या हसल्या. मी काहीही बोलले तरी लोक हसायचे. जिभेची तिखट म्हणून माझी ख्याती होती, आणि तिखट बोलण्याची एक सोय असते, ते कुणी खरं धरत नाही.

दिवसभर जोडपी यायची. दारात बूट काढून मांडवाच्या चपला चढवायची, आणि आत आली की आवाज आपोआप खाली उतरायचे, जणू कुणाचं तान्हं निजलंय. "किती मोकळं!" एक म्हणायची. "किती उजेड!" तिचा नवरा म्हणायचा, दिव्याकडे बघत. पोरी दिव्याखाली उभ्या राहून फोटो काढायच्या. ओल्या छत्र्या कुठे ठेवायच्या, कपडे कुठे वाळत घालायचे, सासू आली तर ती कुठे पाठ टेकेल, हे कुणी विचारलं नाही. मला त्यांची कीव यायला हवी होती. मला हसू यायचं.

त्या शनिवारी दुपारी दारात माझी ताई उभी राहिली.

हे-ओक ताई आणि भावोजी यॉन्गदुंगपोला हाडांच्या रश्श्याची खाणावळ चालवतात आणि मागच्याच खोलीत राहतात. ताईच्या केसांत रश्श्याचा वास इतका मुरलाय की तो नहाण्याने जात नाही. तिच्या हातात ओल्या रुमालांचं पाकीट होतं, वर आमच्या फ्लॅटचं चित्र. जाहिरात म्हणून रस्त्यावर बाया वाटत होत्या त्यातलंच.

"इने! अगं, हे तू मांडलंस?"

"ताई, तू इथे कशी?"

"कशी म्हणजे? घर घ्यायला!" ती लहान पोरीसारखी लाजली. "तुला आधी सांगायचं नाही असं ठरवलं होतं. खाणावळ विकायची बोलणी झालीत. इथे सही झाली की उद्या किल्ल्या घेणाऱ्याच्या हातात. इमारत उभी राहीपर्यंत कुठेतरी भाड्याने राहू."

"सगळंच देऊन टाकताय?"

"सगळंच. तू सजवलंयस म्हटल्यावर मी आणखी काय बघायचं?"

भावोजी तिच्या मागे उभे होते. उंच माणूस, मांडवाच्या चपलांतून त्यांच्या टाचा बाहेर आलेल्या. जाकिटाच्या आतल्या खिशावर त्यांचा हात होता. तिथे नावाचा शिक्का असणार. करारावर तो उमटला की झालं.

ताई खोलीभर फिरली. कशाला हात लावण्याआधी ती ॲप्रनला पुसावा तसा हात जाकिटाला पुसत होती.

"किमचीचा फ्रिज कुठे बसवायचा गं?"

"ह्या घरातली माणसं किमची खात नाहीत, ताई. फोटो काढतात."

ती खळखळून हसली. "ऐकलंत? हिची जीभ!"

"आणि मिरच्या कुठे वाळवशील?"

"नाही वाळवायच्या मला मिरच्या! जन्मभर वाळवल्या." तिने खिडकीतल्या छापील नदीकडे बघितलं. "पहाटे उठून हाडं धुवायची नाहीत. माझ्या उशीला वास नको, इने. एवढंच पाहिजे मला."

भावोजी पलंगापाशी गेले आणि टेकायला वाकले. प्यो मॅडम धावल्या. "साहेब, बसू नका हं, चादर चुरगळते!" ते दचकून सरळ झाले आणि त्यांनी माफीसुद्धा मागितली.

"ताई, भावोजींचे पाय कुठे जातील ते बघ," मी म्हटलं. "त्यांना नदीत सोडावे लागतील."

पुन्हा हसू. ह्या वेळी प्यो मॅडमही हसल्या, पण माझ्याकडे बघत, डोळे न हसवता.

"तू नाही का म्हणतेयस मला?" ताईने एकदम विचारलं. तिचा आवाज पातळ झाला होता. "सगळ्यांना छान म्हणतेस. माझी पाळी आली की चेष्टा. खाणावळवालीने असल्या घरात राहू नये का?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

मी प्यो मॅडमकडे बघितलं. त्यांनी मान किंचित हलवली. गेली किती वर्षं ह्या बाईने मला काम दिलंय, आणि ह्या शहरात सॅम्पल फ्लॅट सजवणाऱ्या बाया एकमेकींना ओळखतात. एका मांडवातून हाकललेली दुसऱ्या मांडवात शिरत नाही. मी म्हटलं, "काही नाही. छान आहे."

ताईचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

"चला, चला," प्यो मॅडमनी टाळी वाजवली. "सहीचं टेबल रिकामं झालंय. नदीकडची घरं थोडीच उरलीत."

नदीकडची. मी ते चित्र स्वतःच्या हाताने ताणून चिकटवलं होतं, कोपरे फुगू नयेत म्हणून नखाने दाबून. ताई भावोजींच्या बाहीला धरून टेबलाकडे निघाली. बसताना तिने खुर्ची आवाज न करता ओढली, लोकांच्या घरात ओढतात तशी. विक्रीवाल्या मुलाने कागद पुढे सरकवले. भावोजींनी शिक्का बाहेर काढला आणि त्यावर तोंडाची वाफ सोडली.

इथे चेष्टा उपयोगाची नव्हती. दिवसभर माझ्या चेष्टेने एकही माणूस दारातून मागे फिरला नव्हता. मी टेबलापाशी गेले आणि कागदावर हात ठेवला.

"इन-ओक," प्यो मॅडम हळूच म्हणाल्या, "आत पडदे नीट करायचेत."

"ताई, थांब. तो पलंग माणसाच्या मापाचा नाही. मीच वीतभर आखूड करून घेतलाय. सोफा, टेबल, सगळंच तसलं आहे. गालिच्याखाली रेघ आहे, तिच्या पलीकडची जागा जादा पैसे भरशील तरच तुझी. आणि ती नदी कागदाची आहे. तुमचं खरं सामान ह्या खोलीत आलं ना, तर तुला उभं राहायलासुद्धा जागा उरणार नाही."