ताटातली चिमूट

मी एक जुना मिठाचा सट आहे. चिनी मातीचा, पांढरा, गळ्याशी तपकिरी कड असलेला. मित्रांनो, तुमच्या घरी मीठ आता प्लास्टिकच्या डब्यात असेल. सुंदराबाईंच्या सासूने मला मंडईजवळच्या दुकानातून आणलं, तेव्हा मात्र आम्हाला भारी मान होता.

तेव्हा हिंजवडीत शेतं होती. सुंदराबाईंचे मालक सोनबा दिवसभर भातखाचरात राबायचे. घामाने सदरा पाठीला चिकटायचा. ताटात सर्वांत आधी मीठ वाढायचं, अशी घरची रीत. सोनबा भाकरीचा तुकडा मिठाला लावून म्हणायचे, "मिठाबिगर जेवनाला काय चव हाय?" ते ऐकून मी आतल्या आत फुगायचो.

पुढे शेतांवर इमारती आल्या. सोनबा सातव्या मजल्यावर राहायला आले. राबणं सुटलं, चालणं सुटलं, कोपऱ्यावरच्या दुकानालाही गाडी लागू लागली. घाम गेला, पण ताट तेच राहिलं. मग एकदा डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि कपाळाला आठ्या घालून मीठ कमी करायला सांगितलं. सून उत्कर्षाने पापड-लोणचं बंद केलं, आमटी-भाजीत मिठाचा हात आखडला. सुंदराबाईंनी मान डोलावली. तरी ताट मांडताना त्यांचा हात माझ्याकडे आलाच.

"आई, बाबांच्या ताटात मीठ कशाला?" उत्कर्षाने विचारलं.

"अगं, मिठाबिगर ताट सुनं दिसतंय. निस्तं शोभंला हाय. त्ये खात न्हाईत."

खात होते. उत्कर्षाची पाठ वळली की ती चिमूट आमटीत जायची. सुंदराबाईंना ते दिसायचं आणि त्या खिडकीबाहेर बघत बसायच्या. अळणी म्हणून मालक अर्धी भाकरी टाकून उठायचे, ते त्यांना बघवत नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं. माझं झाकण घट्ट बसावं, कुणाला उघडताच येऊ नये, असं फार वाटायचं. पण मातीच्या भांड्याचं कोण ऐकतं!

एका दुपारी जेवता जेवता सोनबांनी छातीवर हात दाबला. बसल्या जागी त्यांना दरदरून घाम फुटला. इतक्या वर्षांनी घाम पाहिला, पण हा राबण्याचा नव्हता. उत्कर्षाने क्षण न दवडता रुग्णवाहिका बोलावली. घर रिकामं झालं. ताटात आमटी तशीच होती, मिठाची जागा तेवढी पुसलेली होती.

सोनबा वाचले. घरी आले ते भिंतीला धरून चालत. उत्कर्षा म्हणाली, "एवढं पथ्य पाळूनही असं कसं झालं?" तेव्हा सुंदराबाईंचा बांध फुटला.

"पथ्य कुठलं गं! म्या रोज मीठ वाढत व्हते. त्ये खायचे, अन् म्या बघत व्हते. माझ्याच हातानं केलं बाई!"

"येड्यावानी रडू नगंस," सोनबा हळूच म्हणाले. "तू वाढलंस, पर बोटं माझी व्हती. अन् दिसभर खुर्चीत बसून ऱ्हायाला का तू सांगितलं व्हतंस?"

उत्कर्षा मला टाकून द्यायला निघाली. सुंदराबाईंनी तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. त्या बिचाऱ्याचा काय दोष?"

मित्रांनो, मला फोडलं असतं तरी इतकं लागलं नसतं. फुशारकी मारायला मी पुढे होतो, मग दोषाच्या वेळी बिचारा कसा?

आता मी स्वयंपाकघरातल्या माळ्यावर आहे. रोज संध्याकाळी दोघं जिना उतरून फिरायला जातात, ते पावलांवरून कळतं. खालचं ताट मात्र इथूनही दिसतं, त्यात माझ्या जागी लिंबाची फोड असते. सोनबांची बोटं सवयीने तिथे जातात, थबकतात, मग लिंबू पिळतात. सुंदराबाई आता खिडकीबाहेर बघत नाहीत.

मित्रांनो, जेवणात मीठ लागतंच, पण बेताने. आमटीत पडलेलं पुरे. ताटात वरून वाढणारा हात तुमच्या घरी असेल, तर तो प्रेमाने धरा. आणि मला खाली काढू नका. माझी जागा इथेच बरी आहे.