मालनबाईच्या पदरातली सुकडी

बहात्तरच्या दुष्काळात कर्जतजवळ खडी फोडायचं काम निघालं, तेव्हा शाळेतून मला तिथे सुकडी, म्हणजे मजुरांना मिळणारा गोडसर कोरडा खाऊ, वाटायला पाठवलं. मी मास्तर, पुस्तकांत रमणारा. ओंजळी पुढे आल्या की माझी नजर खाली जाई. नियम एकच होता: सकाळी मिळालेली सुकडी मजुरानं तिथेच खायची, घरी न्यायची नाही.

मालनबाई ती पदराला गाठ मारून न्यायची. घरी आंधळी सासू होती. कामावर येऊ न शकणाऱ्या म्हातारीला वाटा नव्हता.

मुकादम छगननं गाठ पकडली. "चोरी करती व्हय गं?"

"माज्या वाट्याची हाय. मी खाल्ली काय, न्हाई खाल्ली काय, तुला काय रं?"

मी भीत भीत मध्ये पडलो. "बाई, नियम तुमच्याच भल्याचा आहे. उपाशीपोटी हातोडा मारलात तर भोवळ येईल."

ती हसली. "गुरुजी, तुमी एक दिस न खाता ठिवून बगा. मग सांगा भलं."

ओव्हरसियर भाऊसाहेबांनी कागद केला: मालनबाई सुकडी चोरते, नाव कमी करावं. साक्षीदार म्हणून सही माझी हवी होती. त्या सहीवाचून कागद पुढे जाणार नव्हता. गेला, तर म्हातारीचा घास जाणार होता. मी एक दिवस मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी काही न खाता आलो. मूठभर सुकडी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि मालनबाईशेजारी खडी फोडायला बसलो.

"गुरुजी, बोट ठेचलं तर खडू कशानं धरनार?" पलीकडे खडी फोडणारी छबूबाई म्हणाली. बायका खिदळल्या.

हातांना फोड आले, ते सोसलं. खिशातला गोडसर वास सोसेना. घरी आई वाट पाहते आहे असं मनाशी घोकत राहिलो. तरी बारा वाजायच्या आत बोटं खिशात गेली आणि खिसा रिकामा झाला. शेजारी मालनबाईची गाठ तशीच होती.

भाऊसाहेबांनी कागद पुढे केला. "सही करा, गुरुजी."

"नाही करणार." आवाज माझाच होता, हे मला खरं वाटेना. "मला चार तास राखता आली नाही. ही रोज दिवसभर राखते. हिला चोर म्हणायची माझी लायकी नाही."

"मग वर तुमचंच नाव कळवू?"

"कळवा."

त्यांच्या देखतच मी पिशवीतलं पुस्तक काढलं, त्याचं वर्तमानपत्राचं वेष्टन सोडवलं आणि मालनबाईपुढे धरलं. "गाठीतून सांडते. यात बांधा."

तिनं कागद उलटसुलट पाहिला. "पुस्तक फाडलं का काय?"

"नाही. वरचं वेष्टन आहे."

"मग द्या."

तेवढ्यात छबूबाईनं लुगड्याच्या ओच्यातून लपवलेली पुरचुंडी काढली आणि भाऊसाहेबांकडे बघत मला म्हणाली, "माजा बी म्हातारा घरी हाय. मला बी द्या कागद."

पिशवीत आणखी तीन पुस्तकं होती. भाऊसाहेब माझ्याविरुद्ध लिहू लागले, तेव्हा मी दुसऱ्याचं वेष्टन सोडवायला घेतलं. फोड आलेल्या बोटांनी सावकाश घड्या उलगडल्या. कागद कुठेही न फाटता निघाला.