मुदत चाळीस दिवस

ज्या साली माझ्या धाकट्या मुलीनं पाट्या रंगवणाऱ्या पोराशी पळून जाऊन लग्न केलं, त्या साली मी वाचायला शिकलो. तेव्हा माझं वय एकोणसाठ होतं.

जाताना ती शेगडीखाली चिठ्ठी ठेवून गेली होती. मला वाचता येत नव्हतं आणि बायकोलाही येत नव्हतं. म्हणून ती चिठ्ठी मी मंडळाच्या कारकुनाकडे नेली. त्यानं ती टायरच्या दुकानावरच्या खोलीत नऊ माणसांसमोर मोठ्यानं वाचली. "बाबा, तुम्ही लोकांची दारं उघडून देता, माझं मात्र कधी उघडलं नाही." सगळे हसले. मी चिठ्ठीची घडी करून खिशात घातली आणि ठरवलं, यापुढे माझा कागद मीच वाचणार.

महिनाभर राग गिळला आणि जावयाच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्याच्या हातातला ब्रश खाली पडला.

"मामा, आधी माझं ऐकून घ्या..."

"ऐकायला नाही आलो. शिकायला आलोय. पाट्या लिहितोस ना? मग मला 'क' काढून दे."

तो पत्र्यावर हातभर उंचीचा 'क' काढायचा आणि मी रात्रीचं जेवण होईपर्यंत तो गिरवायचो. आत मुलगी तोंडाला ओढणी लावून हसायची. सासऱ्याला पाटी-पेन्सिल देणारा असा जावई मी तरी दुसरा पाहिला नाही.

आता माझ्या कामाचं सांगतो. दिवसा माझं किल्ल्या-कुलपांचं दुकान. दुसरं काम मंडळाचं. विद्या असलेली माणसं आपल्यात पुष्कळ असतात, अंगावर काही दिसत नाही. एक नळदुरुस्तीवाला नुसती शीळ घालून गळती थांबवायचा. एका टॅक्सीवाल्याला आयुष्यात कधी लाल सिग्नल लागला नाही. अशा सगळ्यांचं एक मंडळ होतं, मंडळाचे नियम होते, आणि नियम मोडणाऱ्याच्या घरी पाठवायचा माणूस मी होतो. मागून मला 'कडी' म्हणायचे. "कडी आली," असं कुजबुजलं की जिन्यावरची माणसं आत पळायची.

माझी विद्या बंद करायची. नवं रिकामं कुलूप घ्यायचं, थोरल्यांनी, म्हणजे मंडळाच्या प्रमुखांनी, दिलेली चिठ्ठी त्याला दोऱ्यानं बांधायची, माणसासमोर उभं राहायचं आणि किल्ली फिरवायची. खट् झालं की त्याची विद्या कुलपात. माणसाला दुखत-खुपत काही नाही, तो नुसता एकदम गरीब दिसायला लागतो. चिठ्ठीशिवाय कुलूप लागत नाही एवढं मला ठाऊक होतं. का लागत नाही, ते कधी विचारलं नाही. चिठ्ठीत काय आहे ते कारकून वाचून सांगायचा, आणि दर वेळी एकच शब्द सांगायचा. "कायमचं."

पंचवीस वर्षांत अशी चौतीस कुलपं लावली. ती माझ्याच दुकानात मागच्या लोखंडी कपाटात टांगलेली असायची. महिन्यातून एकदा मी त्यांना तेल घालायचो. एकाला सोडून.

ते माझ्या अक्काचं होतं.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि अक्का सतरा. आईनं जाताना माझा हात तिच्या हातात दिला. तिनंच मला वाढवलं. अक्का इस्त्रीच्या दुकानात काम करायची. तिची विद्या तिच्या हातात होती. भाजलेल्या, पोळलेल्या जागी तळवा ठेवला की आग उतरायची. तिनं ती एका कँटीनमधल्या स्वयंपाकणीला शिकवली. न विचारता दुसऱ्याला शिकवणं हा मंडळात सगळ्यात मोठा गुन्हा. थोरल्यांनी चिठ्ठी लिहिली, कारकुनानं वाचली, आणि मी गेलो.

"तुलाच पाठवलं होय?" अक्का म्हणाली. "लाव. हात थरथरू देऊ नकोस, वाकडी जाईल किल्ली."

पुढे लाँड्रीचा बॉयलर फुटला आणि दाजी भाजले, म्हणजे अक्काचा नवरा. नऊ दिवस ओरडत होते. अक्का तळवा ठेवून बसली होती आणि तळव्यात काही नव्हतं. दहाव्या दिवशी ते गेले. त्यानंतर बावीस वर्षं अक्का माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

एक दिवस जावई कुठल्याशा कचेरीची पाटी रंगवत होता. मी शेजारी बसून वाचली, "अर्जाची मुदत संपली आहे." एकही अक्षर न चुकता. त्यानं मला चहा पाजला. संध्याकाळी दुकानात कुलपांना तेल घालायला बसलो, तर नळवाल्याच्या चिठ्ठीवर तीच तीन अक्षरं. मु, द, त. पुढचं हाताचं लिहिलेलं, एकात एक गुंतलेलं, ते सुटायला वेळ लागला. 'दोन महिने.' नळवाल्याचं कुलूप अकरा वर्षांपूर्वीचं होतं.

टॅक्सीवाल्याचं पाहिलं. 'शंभर दिवस.' एकेक करत सगळी वाचली. एका वर्षापेक्षा जास्त कुणालाच नव्हती, आणि सगळ्यांची कधीच संपलेली. शेवटी अक्काचं कुलूप काढलं. गंजून लाल झालं होतं आणि हाताला कोमट लागत होतं. 'मुदत चाळीस दिवस.' त्यातल्या 'चाळीस'नं माझा पाऊण तास खाल्ला. मी पुन्हा पुन्हा वाचलं, चुकलो असेन म्हणून. चुकलो नव्हतो.

रविवारी मंडळाची बैठक होती. खाली टायरमध्ये हवा भरायचं मशीन धडधडत होतं. हॉस्पिटलातली एक आया नुसतं मांडीवर घेऊन रडतं मूल झोपवायची, तिनं ते शेजारणीला शिकवलं होतं. कारकुनानं चिठ्ठी पुढे केली आणि सवयीनं म्हणाला, "कायमचं."

मी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"काय रे कडी, किल्लीचं भोक दिसेना का हल्ली?" कुणीतरी मागून म्हणालं.

सगळे हसले.

"भोक दिसतंय. आता बाकीचंही दिसतं." मी चिठ्ठी खिडकीकडे धरली. "मु. द. त. मुदत. ती... न. तीन. आ, ठ, आठवडे. तीन आठवडे."

कुणी हसलं नाही. कारकुनानं थोरल्यांकडे पाहिलं. थोरल्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट आणि आवाज असा मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागायचं.

"कुणी शिकवलं?"

"जावयानं."

"मुलगी पळवली त्यानं?"

"हो. मुलगी नेली, पण अक्षरं देऊन गेला. तुम्ही पंचवीस वर्षांत काय दिलंत?"

थोरल्यांनी राग दाखवला नाही. "मुदत लिहिल्याशिवाय कुलूप लागत नाही, म्हणून लिहावी लागते. पण उघडलं की लोक विसरतात. बंद राहिलं की आठवण राहते. चौतीस बंद आहेत म्हणून बाकीचे सरळ चालतात."

"त्यात माझी बहीण आहे."

"म्हणून तर तुला पाठवलं. सख्ख्या बहिणीला कुलूप लावणारा माणूस म्हटल्यावर कोण दार अडवणार होतं?"

"आणि मला वाचता येत नव्हतं."

"अंगठाबहाद्दरच हवा होता. तो विश्वासानं काम करतो."

ते खरंच होतं. मी विश्वासानं केलं होतं. मी ती चिठ्ठी फाडली. दोन तुकडे, मग चार. ते कारकुनाच्या चहाच्या कपात टाकले.

"आयाबाईकडे मी जाणार नाही. आणि आता दुकानात जाऊन कपाट उघडणार आहे."

कारकून ताडकन उठला. "मग तुलाच कुलूप लावू!"

"लाव की. कुलूपही मीच देतो, नवं कोरं आहे. किल्ली कोण फिरवतंय?"

तो थोरल्यांकडे बघायला लागला, थोरले भिंतीकडे. मंडळात कुलूप लावता येणारा एकच माणूस होता, आणि तो दाराशी चपला घालत होता.

तिथून माझ्या दुकानात जाऊन अक्काचं कुलूप घेतलं आणि थेट इस्त्रीच्या दुकानात गेलो. अक्का सत्तरीची झाली होती, दोन शर्टांमागे एकदा दम खायला बसायची. तिनं मान वर केली नाही. मी कुलूप टेबलावर ठेवलं आणि चिठ्ठी वाचून दाखवली. तिलाही वाचता येत नव्हतं.

इस्त्री थांबली.

तिनं बोटानं चिठ्ठीकडे खुणावलं, पुन्हा.

वाचलं.

"ते त्रेसष्टाव्या दिवशी भाजले," ती म्हणाली. बावीस वर्षांतलं माझ्याशी पहिलं वाक्य. तिला आकडा आठवावा लागला नाही.

मी किल्ली काढली.

"बाकीच्यांची उघडलीस?"

"आधी तुझं."

"अक्कल कधी येणार तुला? आधी त्यांची उघड. माझं आधी उघडलंस तर म्हणतील, बहिणीसाठी केलं. मी बावीस वर्षं थांबले, आणखी आठ दिवस थांबेन."

"अक्का, तुझा दम बघ..."

"माझ्या दमाचं मी बघते. तुझ्या त्या थोरल्याला पोचवल्याशिवाय मी जात नसते."

मग मी पिशवीत तेहतीस कुलपं घालून दारोदार फिरलो. सहा दिवस लागले. टॅक्सीवाला माझ्या पायाजवळ थुंकला. एका बाईनं आईवरून शिव्या घातल्या. त्याही ऐकल्या. शिव्यांना मुदत नसते. नळवाल्यानं तोंडावर दार आपटलं, तेव्हा दाराबाहेरच किल्ली फिरवली. जिना उतरताना मागून शीळ ऐकू आली, आधी फाटकी, मग नीट. दोघं मरून गेले होते. त्यांची कुलपं त्यांच्या मुलांसमोर उघडली आणि मान खाली घालून परत आलो.

सातव्या दिवशी अक्कासमोर तिचं कुलूप घेऊन बसलो. तेल न घातल्याची शिक्षा मिळाली. आत गंज धरला होता. किल्ली अर्ध्यावर अडायची. रॉकेल घातलं, तार फिरवली, हलक्या हातानं ठोकलं. जसजसं सैल होत गेलं तसतसं कुलूप तापत गेलं. फडकं धरलं असतं तर पकड सुटली असती, म्हणून उघड्या हातानं धरलं. दुपारी चारला खट् झालं. माझ्या तळव्याची कातडी सोलली होती.

अक्कानं माझा हात ओढून आपल्या तळव्याखाली धरला. आग उतरली. ओल्या मातीत पाणी मुरावं तशी, बघता बघता.

माझे डोळे भरले.

"रडू नकोस," ती म्हणाली. "तुझ्यासाठी नाही केलं. हात परत आला का ते बघत होते." आणि इस्त्री गरम झाली का ते बघायला उठली.

त्यानंतर अक्कानं आग उतरवायची विद्या अकरा जणींना शिकवली. इस्त्रीच्या दुकानात, दार सताड उघडं ठेवून. चौथी होती ती हॉस्पिटलातली आया. मंडळाकडून कुणी आलं नाही. यायला कुणी उरलं नव्हतं.

थोरले दोन वर्षांनी मार्च महिन्यात वारले. अक्का त्याच वर्षी नऊ ऑक्टोबरला, गुरुवारी दुपारी तीन वाजता गेली.