बंद केला

दुसऱ्यांचे काळ सुधारण्यात बाईंचं अर्धं आयुष्य गेलं. मुलींच्या शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या, संध्याकाळी घरी शिकवण्या घ्यायच्या, आणि रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्या मनातल्या मनात दुरुस्त करत चालायच्या. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे. स्वतःचं मूलबाळ नव्हतं. थोरल्या बहिणीचा मुलगा हाच त्यांचा जीव की प्राण. दोघी बहिणी एकाच इमारतीत वरखाली राहायच्या, त्यामुळे भाचा वरच्या घरात जेवायचा आणि खालच्या घरात झोपायचा. आपली आई कोण आणि मावशी कोण याचा त्यानं फारसा विचारच केला नव्हता.

मोठा झाल्यावर तो बंदराजवळच्या शीतगृहात ऑपरेटर म्हणून लागला. तिथं माशांचे खोके मोठाल्या खोल्यांत गोठवून ठेवत. खोल्या गार ठेवायचं काम अमोनियाचं. यंत्रघरातून निघून तो पाइपांमधून खोल्याखोल्यांत फिरायचा. पाइपात आहे तोवर गुणी, बाहेर आला की माणसाचा श्वास जागच्या जागी कोंडणारा. भाचा यंत्रघर सांभाळायचा, आणि पाइपांची डागडुजी करायचा तो मिस्त्री. चाळिशीचा, बडबड्या, सदा थट्टेच्या मूडमध्ये. भाच्याचं लग्न काही केल्या जमत नव्हतं, म्हणून मिस्त्री त्याला मुद्दाम 'जावईबापू' म्हणायचा.

त्या दिवशी कोपऱ्यातल्या खोलीत पाइपाच्या जोडातलं एक जुनं गॅस्केट बदलायचं होतं. पाइप रिकामा व्हायला वेळ लागतो, म्हणून भाच्यानं सकाळीच यंत्रघरातून त्या खोलीचा व्हॉल्व्ह बंद केला. मध्येच कोणी उघडू नये म्हणून व्हॉल्व्हच्या चाकाला कुलूप लावायची पद्धत असते. कुलूप त्यानं मॅनेजरकडे मागून बघितलं होतं, पण "बघू, मागवतो" यापलीकडे काही मिळालं नव्हतं. दुपारी गच्चीवरचा पाण्याचा पंप आवाज करायला लागला म्हणून तो वर गेला. तिथं बराच वेळ मोडला. खाली येऊन हात पुसतोय तोवर भिंतीवरचा फोन वाजला. कोपऱ्यातल्या खोलीतून मिस्त्री बोलत होता.

"काय जावईबापू, व्हॉल्व्ह बंद केला का?"

"हो, केला."

मिस्त्रीनं फोन ठेवला आणि नट सैल करायला घेतले. मधल्या वेळात कोणीतरी तो व्हॉल्व्ह पुन्हा उघडला होता. भाचा गच्चीवरून आल्यावर त्याची नजर तिकडे गेली नव्हती. आपणच बंद केलेला, त्यात पुन्हा काय बघायचं. अमोनियाचा फवारा थेट मिस्त्रीच्या तोंडावर आला. मुखवटे चढवून माणसं आत शिरली आणि त्याला बाहेर काढलं, तेव्हा सगळं आटोपलं होतं.

शीतगृहाचे मालक परदेशातले. त्यांनी तपासाला आपला अधिकारी पाठवला. तो उंच, मितभाषी, सभ्य माणूस होता आणि त्याला इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं. पोलिसांनी सांगून टाकलं की त्याच्या अहवालाशिवाय ते पुढं हलणार नाहीत. दुभाषी म्हणून बाईंना बोलावणं आलं.

"ऑपरेटर माझा सख्खा भाचा आहे," बाईंनी पहिल्यांदा हेच सांगितलं.

"माहीत आहे हो," मॅनेजर म्हणाला. "पण मी पडलो मॅनेजर, मला दुभाषी होता येणार नाही, आणि तुमच्यासारखं इंग्रजी इथं दुसऱ्या कोणाचं आहे? आणि तुम्ही शब्द फिरवणाऱ्यातल्या नाहीत, हेही सगळ्यांना माहीत आहे."

अधिकाऱ्यानं नुसतं विचारलं, जसं बोलतील तसंच सांगाल ना? बाई म्हणाल्या, सांगेन.

निघताना जिन्यात ताईनं त्यांचा हात धरला. "तू आहेस म्हणून मला धीर आहे गं. नाहीतर त्या साहेबापुढं त्याची बाजू मांडणार कोण?"

बाईंनी मान हलवली. बाजू मांडणं हे आपलं काम नाही, हे सांगायला तोंड उघडलं नाही.

चौकशी वरच्या ऑफिसात होती. नव्या खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं, बसलं की ते करकरायचं. पडद्यांना अमोनियाचा उग्र वास धरून राहिला होता. एका बाजूला मॅनेजर, समोर अधिकारी, भिंतीकडेला मिस्त्रीची बायको आणि तिचा दीर. भाचा मध्ये बसला होता. त्याचा शर्ट ताईनं इस्त्री करून दिला होता. गळ्यापर्यंत बटणं लावल्यामुळे तो शाळेतल्या फोटोसारखा दिसत होता.

सकाळचं, गच्चीवरचं, फोनचं, सगळं त्यानं सांगितलं. बाई वाक्यामागून वाक्य इंग्रजीत ठेवत गेल्या. फोनपाशी आल्यावर अधिकाऱ्यानं हात वर केला.

"इथं थांबा. नेमके शब्द हवेत. मयत माणसानं काय विचारलं आणि यांनी काय उत्तर दिलं?"

"तो म्हणाला, व्हॉल्व्ह बंद केला का," भाचा म्हणाला. "मी म्हटलं, हो, केला."

बाई थांबल्या. इतका वेळ कधी थांबल्या नव्हत्या.

अधिकाऱ्याच्या ते लक्षात आलं. त्यानं शांतपणे विचारलं, "आय क्लोज्ड इट, की आय हॅव क्लोज्ड इट? मॅडम, सगळं त्यावरच आहे. मी एक काम केलं होतं एवढंच यांनी सांगितलं, की व्हॉल्व्ह आत्ता बंद आहे असं सांगितलं?"

आपल्या भाषेत 'केला' म्हटलं की दोन्ही होतं. सकाळी केला तोही केला, आणि हा बघ, आत्ता केला, तोही केला. आलो म्हणून हाक देणारा माणूस अजून जिन्यात असतो. बाईंनी तसं सांगून पाहिलं. "सर, आमच्याकडे एकच शब्द दोन्हीकडे चालतो."

"असेल," अधिकारी म्हणाला. "पण माझ्या अहवालात दोन शब्द चालणार नाहीत."

बाईंनी भाच्याकडे बघितलं. त्याला यातलं काही कळत नव्हतं. मावशी आपल्याकडे बघतेय म्हणून तो धीर आल्यासारखा किंचित हसला. साधा भूतकाळ, आय क्लोज्ड इट, सांगायचा की तो सुटला. मग त्यानं फक्त सकाळची गोष्ट सांगितली असं होईल. मिस्त्रीनं खात्री करून न घेता घाई केली असं होईल. दोष मेलेल्याच्या माथी जाईल, आणि मेलेल्याला कोण शिक्षा करणार? खोटं म्हणावं तर तेही खोटं नव्हतं. व्हॉल्व्ह सकाळीच तर बंद केला होता.

भिंतीकडेला मिस्त्रीच्या बायकोनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. ती बाईंच्या तोंडाकडे बघत होती.

पण हातात पाना घेऊन उभा असलेला माणूस सकाळच्या गोष्टी कशाला विचारेल? नट सैल करायचा का नाही, एवढंच त्याला हवं होतं. त्याचा प्रश्न आत्ताचा होता. हॅव यू क्लोज्ड इट. या प्रश्नाला कुठल्या काळात उत्तर येतं हे बाईंनी एवढ्या मुलींना शिकवलं होतं, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांच्या तोंडून तेच आलं असतं.

"यस, आय हॅव," बाई म्हणाल्या. "आय हॅव क्लोज्ड इट."

अधिकाऱ्यानं ते टाइप केलं. "म्हणजे व्हॉल्व्ह बंद असल्याची यांनी हमी दिली, आणि तो बंद नव्हता."

बाईंनी हेही भाच्याला मराठीत सांगितलं. सांगणं भाग होतं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"अगं मावशी, पण मी बंद केलाच होता! मग उघडला कोणी, ते विचार ना त्यांना!"

बाईंनी शब्द न शब्द इंग्रजीत सांगितला. आवाज मात्र चढला होता. अधिकारी मॅनेजरकडे वळला. मॅनेजरनं पायावरचा पाय खाली घेतला आणि स्वतःच इंग्रजीत म्हणाला, "त्या व्हॉल्व्हला कोणीही हात लावला नाही. मुळात तो बंदच झाला नसावा." सफाईदार, बेताचं वाक्य. त्याचं इंग्रजी त्याचंच होतं. मध्ये दुभाषी नव्हता, त्यामुळे या वाक्यातला काळ कोणता, असं त्याला कोणी विचारलं नाही.

"कुलूप मागितलं होतं, ते दिलं नाही," भाचा म्हणाला. तेही बाईंनी सांगितलं. "त्याची नोंद घेतली जाईल," अधिकारी म्हणाला आणि उठला.

बाहेरच्या जिन्यात मिस्त्रीच्या बायकोनं बाईंना गाठलं.

"बाई, पोरगा खोटं बोलला का हो?"

"नाही."

"मग साहेब असा का बोलला त्याला?"

"मिस्त्रींना जे ऐकू आलं, ते मी सांगितलं," बाई म्हणाल्या. "ते चूक नव्हते, एवढं आता कागदावर आलंय."

तिनं पदर सावरला. "ह्यांना फार आवडायचा तो," एवढंच म्हणाली आणि दिरामागून उतरून गेली.

घरी ताईला सगळं आधीच कळलं होतं. ती ओरडली नाही, रडली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "एक शब्द होता ना गं? एकच शब्द?"

"ताई, तो शब्द बरोबर होता."

"तुझं बरोबर तू तुझ्या शाळेत ठेव." तिनं दार लावून घेतलं. त्या दिवसापासून वरच्या घरातून खाली काही आलं नाही. ना डबा, ना निरोप, ना हाक.

बाई गप्प बसल्या नाहीत. शीतगृहाच्या दारावर हमाली करणारा एक म्हातारा त्यांच्या ओळखीचा होता. त्यानं इकडेतिकडे बघत सांगितलं की कोपऱ्यातल्या खोलीत माल नरम पडायला लागला म्हणून मॅनेजर त्या दुपारी खूप कावला होता, आणि स्वतः यंत्रघरात शिरला होता. "पण हे मी तुम्हाला सांगितलं, बाई. दुसरं कोणी विचारलं तर मी त्या वेळी गाडीवर होतो." बाईंनी त्याला परोपरीनं समजावलं. त्यानं हात जोडले. मग त्यांनी अधिकाऱ्याच्या मागं लागून त्याला फोनवर गाठलं. तो आपल्या देशात परतला होता. ऐकून घेतलं त्यानं, आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही उत्तम काम केलंत. पण आता तुम्ही दुभाषी म्हणून बोलत नाही, मावशी म्हणून बोलताय." त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. त्यामुळे ते जास्त लागलं.

अहवाल आला, खटला उभा राहिला. हमालानं कोर्टाचं तोंडही पाहिलं नाही. कुलपाबद्दल शीतगृहाला समज देण्यात आली. भाच्याला हलगर्जीपणाबद्दल कैद झाली. निकालाच्या दिवशी ताईला चक्कर आली, तेव्हा तिला सावरायला बाई पुढं झाल्या. शुद्धीवर येताच ताईनं त्यांचा हात बाजूला केला.

भेटीच्या दिवशी बाई तुरुंगात गेल्या. आधी ताई भेटून आली होती आणि बाहेर बाकावर बसली होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. आत जाळीपलीकडे भाचा आला. गाल बसले होते. केस बारीक कापले होते, त्यामुळे कान मोठे वाटत होते.

"रागावलायस?" बाईंनी विचारलं.

"आधी होतो." तो जाळीत बोटं अडकवून उभा राहिला. "मावशी, ते दोन्हीतलं वेगळं काय, ते मला कोणी नीट सांगितलंच नाही. वकील नुसता टेन्स टेन्स करत होता."

बाईंनी सांगितलं. शिकवताना येणारा आवाज त्यांना आला नाही, अडखळतच सांगितलं. त्यानं मध्ये तोडलं नाही.

"म्हणजे हॅव म्हटलं की तो तेव्हाही बंद आहे, असं?"

"हो."

त्यानं जाळीतली बोटं सोडवून घेतली. पलीकडे कुणाचं तरी लहान मूल रडत होतं.

"मग मी तेच म्हणालो होतो गं," तो शेवटी म्हणाला. "मला वाटत होतं की बंदच आहे. सकाळचं वगैरे काही माझ्या डोक्यात नव्हतं. तो विचारत होता, खोलू का, आणि मी म्हटलं, खोल." त्यानं कपाळ जाळीला टेकवलं. "मान वळवली असती तर दिसलं असतं. तिथंच तर होता, फोनच्या शेजारी."

बाईंनी जाळीवर हात ठेवला. जन्मभर शिकवलेलं बरोबर निघाल्याचं इतकं वाईट त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्या क्षणी त्यानं 'तू चुकलीस' म्हटलं असतं तर त्यांनी आनंदानं मान्य केलं असतं.

"उघडला तो मॅनेजरनं," त्या म्हणाल्या. "ते पाप तुझं नाही."

"माहीत आहे. पण मिस्त्रीनं त्याला विचारलं नव्हतं. मला विचारलं होतं."

शिपायानं वेळ संपल्याचं सांगितलं.

बाहेर ताई अजून बाकावरच होती. बाई पुढं निघाल्या, पण ताई आपली पिशवी उचलायला वाकलेली दिसली म्हणून थांबल्या. ताई त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "मला म्हणाला, जेवण बरं असतं. तुला काय म्हणाला?"

बाईंनी एकवार तुरुंगाच्या दाराकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "मलाही तेच."

ताईला ते पटलं नसावं. तरी तिनं पिशवीचा एक बंद बाईंच्या हातात दिला आणि दोघी बसच्या थांब्याकडे चालू लागल्या.