आवाज बंद ठेवून पाहिलेलं भूत

टिण्ण!

भांड्यांच्या जाळीत उपडा घातलेला चमचा कुणी हात न लावताच घसरला आणि दुपारच्या शांततेला तडा गेला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलेली ती होती तिथेच थिजली. पडद्यावरचं भूत तोंड वासून अंगावर येत होतं, पण त्याच्याकडे तिचं लक्षच नव्हतं. तिचे कान आतल्या खोलीच्या दाराला चिकटले होते. एक, दोन, तीन... तिने सातपर्यंत मोजलं. आतून हूं नाही की चूं नाही. म्हणजे टिचकी झोपली होती.

टिचकी म्हणजे तिची साडेचार वर्षांची लेक. वाजली की सगळं घर उठून बसतं, म्हणून बापाने ठेवलेलं नाव. तर ही टिचकी दुपारी दीड तास झोपायची आणि त्या दीड तासात तिची आई चोरून सिनेमे बघायची. म्हणजे अगदी चोरून नाही, ते तिचं कामच होतं. शुक्रवारच्या पुरवणीत ‘हसू की घाबरू’ नावाचं सदर यायचं, विनोदी आणि भुताखेताच्या सिनेमांवर. खाली सही असायची ‘एक प्रेक्षक’. वाचकांची समजूत अशी, की हा कुणीतरी निवृत्त, टक्कल पडलेला, खवचट गृहस्थ असणार. ती समजूत तिला फार आवडायची. कपडे वाळत घालता घालता ती कधी कधी त्या गृहस्थासारखा घसा खाकरून बघायची.

तिची मतं ठाम होती. भुताच्या सिनेमात भुतापेक्षा माणसंच जास्त हसवतात, असं तिचं म्हणणं. घरात आवाज आला तर शहाणा माणूस आधी दिवा लावेल. ही मंडळी हातात मेणबत्ती घेऊन तळघरात उतरतात, तीही अनवाणी! चांगलं भूत ते, ज्याला स्वतःच्या कामाचा कंटाळा आलेला असतो. आणि विनोदी सिनेमातलं माणूस स्वतःच हसायला लागलं, की समजावं, आता आपल्याला कुणी हसवणार नाही.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. अंधाऱ्या खड्ड्यात उतरून तारा जोडणारा हा गडी, सिनेमातलं भूत म्हटलं की उशी तोंडावर घ्यायचा.

“अरे, विनोदी आहे हे भूत,” ती सांगायची.

“विनोदी असलं तरी मेलेलंच आहे ना ते!” उशीमागून उत्तर यायचं.

आता तिचं एक गुपित होतं आणि ते फक्त नवऱ्याला ठाऊक होतं. ती सगळे सिनेमे आवाज बंद ठेवून बघायची. सुरुवातीला तिने कानात इयरफोन घातले होते. पहिल्याच आठवड्यात टिचकी पलंगावरून पडली आणि तिची किंचाळी सिनेमातल्या किंचाळ्यांत अशी मिसळून गेली, की आईसाहेब पेन्सिल हातात घेऊन ‘चांगली किंचाळते ही’ असं लिहीत बसल्या. त्या दिवशी इयरफोन खणात गेले ते गेलेच. संवाद पडद्याखालच्या अक्षरांतून वाचायचे आणि एका जुन्या चित्रकलेच्या वहीत रेघा मारायच्या. हसू आलं की उभी रेघ, दचकलं की आडवी. हसू अगदी अनावर झालं, तर तोंडावर हात घट्ट दाबायचा आणि खांद्यांना काय हलायचं ते हलू द्यायचं.

लग्नाआधीपासून ती त्याच वर्तमानपत्राच्या कचेरीत मुद्रितं तपासायची. टिचकी झाल्यावर सुटी घेतली, सुटी लांबली आणि खिडकीजवळची तिची खुर्ची दुसऱ्या कुणाची झाली. ती कायमची झाली, हे तिला गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी कळलं. त्या दुपारी तिने सिनेमा लावलाच नव्हता. त्याबद्दल ती कुणाशी बोलली नाही. पण तेव्हापासून हे सदर म्हणजे तिला नुसतं सदर राहिलं नव्हतं. दिवसाच्या चोवीस तासांतला तेवढाच तुकडा तिच्या स्वतःच्या नावाचा होता, मग खाली सही कुणाची का असेना.

चमचा पडला त्या दिवशीचा सिनेमा संपादकांनी घाईघाईत पाठवला होता. सोबत एवढीच ओळ: भुताचा आहे, गुरुवारपर्यंत द्या. पडद्याखाली अक्षरं नव्हती, पण तिचं काही अडलं नाही. एका बाईच्या कपाटातून म्हातारीचं भूत निघतं. निघताना त्याच्या खांद्याला हँगर अडकतो आणि पुढचा अर्धा सिनेमा ते हँगरसकट फिरतं. जिना उतरताना कठडा धरून, एकेक पायरी, आडवं आडवं उतरतं आणि दर चार पायऱ्यांवर दम खायला थांबतं. मग त्या बाईसमोर उभं राहून मिनिटभर आ वासतं, जसं काही दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागलाय! वहीत सदतीस उभ्या रेघा झाल्या. आडवी एकही नाही. ‘वर्षातला सर्वांत विनोदी भूतपट,’ तिने लिहिलं. ‘घरातल्या सगळ्यांना घेऊन जा. गुडघे दुखणाऱ्यांनी तर जाच.’

शुक्रवारी छापून आलं. शनिवारी लोक घरातल्या सगळ्यांना घेऊन गेले. रविवारी सकाळी संपादकांचा फोन आला.

“बाई, तो सिनेमा तुम्ही पूर्ण पाहिलात?”

“म्हणजे काय! सदतीस वेळा हसले.”

“तो विनोदी नाहीये.”

ती कपड्यांच्या चिमट्यांची बादली हातात घेऊन तशीच उभी राहिली.

“अख्खं थिएटर खदाखदा हसत होतं म्हणे,” संपादक म्हणाले. “हँगरला टाळ्या पडल्या! आणि दिग्दर्शक शेवटच्या रांगेत बसलेला. माणूस काल संध्याकाळी माझ्यासमोर बसून पाणी पीत होता, तीन ग्लास प्यायला. त्याचं म्हणणं, प्रेक्षकसाहेबांनी झोपेत परीक्षण लिहिलंय.”

“प्रेक्षकसाहेब जागे होते,” ती पुटपुटली.

“मग उद्या त्याच्यासमोर सिनेमा पुन्हा बघा आणि पटवून द्या. पटलं तर ठीक. नाही पटलं, तर बाई, मला सदर थांबवावं लागेल. माझाही नाइलाज आहे.”

“अडीचला पाठवा,” ती म्हणाली. “आणि त्यांना सांगा, बेल वाजवायची नाही.”

नवऱ्याला सांगितलं, तर तो आधी पोट धरून हसला आणि मग गंभीर झाला. “खरं सांगून टाक ना.”

“काय सांगू? की मी बहिरी होऊन सिनेमे बघते? मग कोण ठेवेल मला?”

“मग खोटं सांग. पण नीट सांग. तुला खोटं बोलताना नाक खाजवायची सवय आहे.”

सोमवारी बरोबर अडीचला दारावर नखाने खाजवल्यासारखा आवाज झाला. दिग्दर्शक उंच, किडकिडीत, खोल गेलेल्या डोळ्यांचा माणूस होता. त्याला कुणी मेकअप न करता भुताचं काम दिलं असतं. दारात एप्रन बांधलेली, खांद्यावर ओला टॉवेल टाकलेली तरुण बाई बघून तो म्हणाला, “साहेब आहेत का?”

“मीच साहेब,” ती कुजबुजली. “बूट काढा. आणि हळू बोला, मुलगी झोपलीय.”

तो चवड्यांवर चालत स्वयंपाकघरात आला. खुर्चीवरची लाकडी ठोकळ्यांची पेटी तिने उचलून टेबलाच्या कडेला ठेवली, तेव्हा कुठे त्याला बसायला जागा झाली. त्याने एकदा भांड्यांच्या जाळीकडे पाहिलं, एकदा भिंतीवर रंगीत खडूने काढलेल्या सहा पायांच्या मांजराकडे पाहिलं.

“मला एकच सांगा,” तो म्हणाला. “तुमच्या लेखात संगीताबद्दल एक अक्षर नाही. संगीत कसं वाटलं?”

“सुरेख,” ती म्हणाली आणि नाकाकडे निघालेला हात तिने मध्येच अडवून कानामागे नेला. “म्हणजे, प्रसंगाला साजेसं. मधे ते व्हायोलिन...”

“माझ्या सिनेमात संगीत नाही.”

फ्रिज घुरघुरला आणि गप्प झाला.

“एकही वाद्य नाही. फक्त श्वास आहेत. एका म्हाताऱ्या बाईचे श्वास. चार महिने ध्वनिमुद्रण केलं मी. ते भूत जिन्यावर दम खात नाही, बाई. ते आपल्या मुलीला हाक मारतं. दर चार पायऱ्यांवर.”

तिने टॉवेल खांद्यावरून काढून मांडीवर घेतला आणि त्याची घडी घातली. मग ती घडी मोडून पुन्हा घातली. मग सगळं सांगून टाकलं: इयरफोन, पलंगावरून पडणं, दीड तास, उभ्या रेघा, आडव्या रेघा. वहीसुद्धा पुढे सरकवली. त्याने सदतीस रेघा मोजल्या. एक एक, बोटाने.

“आवाज न ऐकता,” तो सावकाश म्हणाला. “तुम्ही माझा सिनेमा आवाज न ऐकता पाहिलात.”

“हो.”

“आत्ता ऐका.”

त्याने आवाज अगदी थोडा ठेवला, शेजारच्या खोलीत कुणी झोपेत कूस बदलावी एवढाच. आणि पहिल्या पाचच मिनिटांत तिचे पाय खुर्चीवर गेले. तेच कपाट होतं, तोच हँगर होता, पण आता त्या श्वासामागे कुणीतरी काहीतरी शोधत फिरल्यासारखं वाटत होतं. म्हातारी चार पायऱ्या उतरली, थांबली आणि तिच्या घशातून एक नाव निघालं, अर्धंच. त्या दिवशीचा दातांचा डॉक्टर कुठल्या कुठे पळाला. तिने न बघता पेन्सिल घेतली आणि वहीत आडवी रेघ मारली. दिग्दर्शकाने ती रेघ पाहिली. शनिवारपासून पहिल्यांदाच त्याचा चेहरा जरा सैल पडला.

म्हातारी शेवटच्या पायरीवर पोचली. श्वास थांबला. बाई वळली.

कर्र... त्यांच्या पाठीमागचं दार उघडलं.

दोघंही किंचाळली. ती तोंडावर हात ठेवून किंचाळली. दिग्दर्शक हात न ठेवता किंचाळला, आणि किंचाळता किंचाळता त्याचा हात लागून ठोकळ्यांची पेटी खाली गेली.

दारात टिचकी उभी होती. केस विस्कटलेले, एक मोजा पायात, एक हातात.

“हे काका ओरडले?” तिने विचारलं. मग पडद्याकडे बघून तिचे डोळे चमकले. “हँगरवाली आजी! आई, आज हिला आवाज का आहे?”

“तू... तू कधी पाहिलीस हिला?”

“तू बघत होतीस तेव्हा. मी रोज बघते, दाराच्या फटीतून.” टिचकी ठोकळ्यांतून वाट काढत आली आणि दिग्दर्शकाच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली, जसा काही तो गुडघा घरचाच. “तुला वाटतं मी झोपले. काका, आवाज बंद करा ना. मग मज्जा येते.”

“मज्जा येण्यासाठी मी तो—” दिग्दर्शक म्हणायला लागला.

“बंद करा ना!”

साडेचार वर्षांच्या प्रेक्षकापुढे त्याचं काही चाललं नाही. आवाज बंद झाला. तिघं बघू लागली आणि टिचकीने सूत्रं हातात घेतली. “आता बघा, तिला हँगर दिसतच नाही! ती म्हणतेय, माझी पाठ कोण ओढतंय? आता जिना. अगं आजी, हळू. आता ती आ करणार. आऽऽ करा, जीभ दाखवा, शाब्बास!”

दिग्दर्शकाच्या नाकातून एक आवाज निघाला. त्याने तो परत आत ओढायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता. त्याचा जबडा हलला, मग मान, मग तो अख्खा किडकिडीत माणूस दुमडल्या छत्रीसारखा टेबलावर पडून हसू लागला. हसता हसता एकदम थांबला आणि रुसून म्हणाला, “तो हँगर लावायला मला तीन दिवस लागले होते.”

“छान लागलाय,” टिचकी म्हणाली.

जाताना तो दारात बूट घालत बराच वेळ वाकून बसला होता. “संपादकांना मी सांगतो,” तो लेस बांधता बांधता म्हणाला. “सदर चालू राहू दे म्हणून. पण तुम्ही या शुक्रवारी खरं लिहायचं. आवाजाशिवाय पाहिला तेव्हा काय दिसलं आणि आवाजासकट पाहिला तेव्हा काय दिसलं. सगळं.” मग वर न बघताच पुढे म्हणाला, “आणि मी किंचाळलो ते लिहायचं नाही.”

“ते तर पहिल्या ओळीत,” ती म्हणाली.

दार लागलं. तिने ठोकळे गोळा केले नाहीत. लॅपटॉपवरचं भूत बंद केलं, कोरं पान उघडलं आणि लिहिलं: ‘एक कबुली. प्रस्तुत प्रेक्षक टकला नाही.’ स्वतःशीच फिस्सकन हसली. टिचकी तिच्या मांडीवर चढून बसली होती आणि हातातला मोजा आईच्या अंगठ्यात घालून बघत होती.

“काय लिहितेस?”

“हेच, की आवाज बंद असला की माणसाची कशी फसगत होते. ती आजी हाक मारत होती आणि मला वाटलं, गंमत चाललीय.”

टिचकीने मोजा काढला. तो सरळ करून तिने कीबोर्डवर ठेवला. आईची बोटं आपोआप थांबली.

“फटीतून तुझा पण आवाज येत नाही,” टिचकी म्हणाली. “तू तोंडावर हात ठेवतेस आणि तुझे खांदे असे असे हलतात.”

“मी हसत असते गं तेव्हा, वेडे. तू उठू नयेस म्हणून आवाज नाही करत.”

“रोज?”

“रोज.”

“पण एकदा तर सिनेमा लावलाच नव्हता.” टिचकीने मान मागे टाकून, खालून वर, आईच्या तोंडाकडे पाहिलं. “लॅपटॉप मिटलेला होता. तरी तुझे खांदे हलत होते. तेव्हा तू कशाला हसत होतीस?”