पोटाशी बांधलेलं बी

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची. त्या वर्षी जत तालुक्याकडं पावसानं पाठ फिरवली आणि टँकरमागं घागरी घेऊन धावण्यातच बायकांचा श्रावण सरला. मग सप्टेंबरच्या अखेरीस एका दुपारी आभाळ असं फुटलं, की ओढे खळाळले आणि सत्तरीतल्या मनुबाई पोरीसारख्या अंगणात भिजत उभ्या राहिल्या.

दोन दिवसांत रान वाफशावर, पेरणीजोग्या ओलीवर, येणार होतं आणि वाफसा टिकला तर चार दिवस. तेवढ्यात शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरला तर वर्षाची भाकरी अन् जनावरांना कडबा. हुकला तर दोन्ही नाही. दुकानांतलं बियाणं मात्र केव्हाच संपलं होतं. बचत गट चालवणारी त्यांची सून प्रियदर्शनी हार मानणारी नव्हती. तिनं बारा घरांची खायची ज्वारी गोळा केली. तीच पेरू म्हणाली.

मनुबाईंनी त्यातले शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळले आणि पुरचुंडी लुगड्याआड पोटाशी बांधली. अंगाच्या उबेनं दीड दिवसात मोड येतात, ही त्यांच्या आईची रीत. दीड दिवसानं फडकं सोडलं तर मोड आले होते नऊ. जमिनीतल्या पेवात दोन वर्षं उबलेली ज्वारी ती. खायला गोड, पण जीव गेलेली.

जिवंत बी कुणाकडं असेल, ते मनुबाईंना ठाऊक होतं. पण तिथं जायचं म्हणजे मान खाली घालायची. पंचवीस वर्षांपूर्वी बाजारात नवी जात आली, तेव्हा त्यांनी घरचं जुनं बी कोंबड्यांपुढं टाकलं होतं. थोरल्या नणंदेनं, बयाबाईनं, त्यातलं पदरभर उचललं, तर चार बायकांत मनुबाई म्हणाल्या होत्या, "कोंबड्यांचं खाणं घिऊन निगाला व्हय, वन्सं?" तेव्हापासून बयाबाईनं माहेरचा उंबरा ओलांडला नव्हता.

फौजेतून सुट्टीवर आलेल्या लेकाला, विश्वजीतला, त्यांनी जीप काढायला लावली. कर्नाटकच्या शिवेलगतच्या वस्तीवर बयाबाई शेळ्यांना पाला टाकत होती. तिनं पाणी दिलं, गूळ दिला, सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं,

"किती कोंबड्या हायत तुज्याकडं?"

"बारा," मनुबाई म्हणाल्या. "आन् म्या तेरावी. चुकलंच माजं, वन्सं."

बयाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसू लागली. आत राखेत मुरवलेल्या बियाचे दोन रांजण होते. दर वर्षी पेरायचं, उभ्या पिकातली टपोरी कणसं आधी हेरायची, त्यांचंच बी ठेवायचं, हे तिनं एकदाही चुकवलं नव्हतं. बी ती विकत देणार नव्हती. पुढच्या सुगीला दिडीनं, म्हणजे दीडपट, परत, एवढंच. आणि पेरणीला ती स्वतः येणार होती.

मनुबाईंनी तिथंच त्या बियाच्या शंभर दाण्यांची नवी पुरचुंडी पोटाशी बांधली. घरी आल्यावर वाकल्या नाहीत, कुशीवर वळल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाराही बायका ओसरीवर दाटीनं बसल्या. प्रियदर्शनी एकेक मोड मोजत होती. ऐंशीच्या पुढं बायकाही तिच्याबरोबर मोठ्यानं मोजू लागल्या. चौऱ्याण्णव! बायकांनी असा गलका केला की शेजारची माणसं काय झालं म्हणून धावत आली.

सकाळी पेरणीची तिफण चालली. चाड्यावर मूठ धरून बी सोडायचा पहिला मान बयाबाईचा. बाराही रानं वाफशातच पेरून झाली आणि आठवड्यात हिरव्या ओळी उठल्या.

विश्वजीत पेरणी उरकून लडाखला गेला. उगवणीचे फोटो त्यानं पलटणीतल्या सगळ्यांना दाखवले म्हणे. बाराजणींनी सुगीत दिडीनं बी फेडलं. प्रियदर्शनीकडं आता चाळीस घरांचं बी असतं आणि उंब्रजपासून बायका ते बघायला येतात. बयाबाई दर पेरणीला आठ दिवस माहेरी राहते आणि भावजयीच्या स्वयंपाकाला नावं ठेवते. मनुबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मोड आता त्या स्वतः मोजतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.