माझ्या पोटातले न उघडलेले धडे

मित्रांनो, सध्या माझ्या डोक्यावर कार्यक्रमाच्या सतरंज्या रचून ठेवल्या आहेत आणि शेजारी एक मोडका पंखा आहे. मी एक जुना संगणक आहे. तळेगाव श्यामजी पंत येथे बुद्धविहाराला लागून जी अभ्यासिका आहे, तिथे माझे बरेचसे आयुष्य गेले. माझे बोलणे तुम्हाला थोडे चिडके वाटेल. वाटू द्या. चिडायला माझ्याकडे कारण आहे.

माझे भाग कोणत्या कोणत्या देशांत तयार झाले, ते मलाही नीट ठाऊक नाही. जोडला गेलो तो नागपुरात, एका अरुंद दुकानात. काही वर्षे मी एका कार्यालयात पत्रे टंकली. मग प्रभाकरराव नावाच्या निवृत्त गृहस्थांनी मला मागून घेतले आणि जीपमध्ये स्वतःच्या मांडीवर ठेवून तळेगावला आणले. अभ्यासिकेत बुद्धवंदना झाली. मुलांनी माझ्याभोवती गर्दी केली. प्रभाकररावांनी पदरचे पैसे घालून इंटरनेटही जोडून घेतले. त्या दिवसांत माझे फार कौतुक झाले. मला वाटले, आता या मुलांच्या हातून काहीतरी घडणार आणि त्यात माझा वाटा असणार.

मग अश्विन आला. बी.एस्सी. झालेला, हुशार, बोलायला गोड. वेबसाइट तयार करणाऱ्यांना घरबसल्या काम मिळते, असे त्याने कुठेतरी ऐकले होते. तो रोज येऊन माझ्यात धडे उतरवू लागला. व्हिडिओंचे धडे, पुस्तकांचे धडे, फुकट कोर्स, मित्राकडून आणलेले कोर्स. माझे पोट फुगत गेले. अश्विन एक कोर्स लावायचा, हाताची घडी घालून बघायचा आणि मान डोलवायचा. थोड्या दिवसांनी कोणीतरी सांगायचे की हे आता जुने झाले, नवे आले आहे. की लगेच हा तो कोर्स सोडून दुसरा उतरवायचा. दुसराही पहिल्या धड्यापासून सुरू व्हायचा.

मित्रांनो, त्या सगळ्या काळात त्याने माझ्या कीबोर्डवर वेबसाइटचे एकही पान लिहिले नाही. व्हिडिओ थांबवायला शब्दांमध्ये जागा सोडणारी लांब पट्टी तेवढी दाबायचा. ती पट्टी गुळगुळीत झाली आणि बाकीच्या अक्षरांवर धूळ बसली. शिकवणारा माणूस पडद्यावरून ओरडून सांगत होता की आता तुम्ही करून बघा. अश्विन नेमका तेवढाच भाग पुढे ढकलायचा. मला बोलता येत नाही. माझा पंखा तेवढा घरघरायचा, आणि अश्विन म्हणायचा, "मशीन गरम होऊन राह्यली."

गावात मात्र त्याचे नाव झाले होते. वेबसाइटचे काही असेल तर अश्विनला विचारा, असे सगळे म्हणायचे. म्हणूनच एका दुपारी दीपमाला त्याच्याकडे आली.

दीपमाला आर्वीच्या कॉलेजात शिकायची. रोज बसने जाऊन-येऊन करायची. त्या वर्षी रस्त्याचे काम निघाले होते आणि गाड्यांच्या वेळा आठवड्याआठवड्याला बदलत होत्या. संध्याकाळची गाडी कधी लवकर निघून जायची, कधी फार उशिरा यायची. दोनदा ती अंधार पडल्यावर घरी पोहोचली. तिचे वडील बापूराव फाट्यावर उभे राहून थकले आणि शेवटी म्हणाले, परीक्षेपुरतीच जा, रोजचे जाणे बंद. तिच्याबरोबर जाणाऱ्या सरिताचे जाणे तर आधीच बंद झाले होते.

दीपमाला माझ्यासमोर उभी राहून अश्विनला म्हणाली, "भाऊ, मले एक पान बनवून दे. त्याच्यावर फक्त गाड्यांच्या वेळा. बाबानं मोबाइल उघडला की दिसल्या पाह्यजे."

"ग्रुपवर टाकत जा ना," अश्विन म्हणाला.

"ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फुलाखाली वेळ दबून जाते. अन् बाबा कोणत्या ग्रुपमंदी नाई."

"देतो बनवून. पह्यले हा कोर्स होऊ दे. याच्यात सगळं नवीन हाय."

ती गेली. पुढच्या आठवड्यात पुन्हा आली. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. अश्विन दर वेळी नव्या कोर्सचे नाव सांगत होता. तिसऱ्या खेपेला ती बाकावर बसली आणि शांतपणे म्हणाली, "तू आतापर्यंत बनवलेलं एक पान दाखव मले. कोणतंबी."

माझ्यात दाखवण्यासारखे काही नव्हते. अश्विन उठला आणि बाहेर निघून गेला. जाताना त्याने दार आपटले नाही. त्यामुळे मला अधिकच वाईट वाटले.

दीपमालाने मला स्वतःकडे वळवून घेतले. तिला काहीच येत नव्हते, एवढाच तिचा फायदा होता. एवढ्या कोर्सांच्या गर्दीत कुठून सुरुवात करावी हे तिला कळेना, म्हणून तिने सर्वांत लहान फाइल उघडली. ती होती काही पानांची, साध्या इंग्रजीत लिहिलेली. चित्र नाही, संगीत नाही. अश्विनने ती उघडलीही नव्हती. त्यात लिहिले होते ते दीपमाला शब्द लावून लावून वाचायची आणि एका बोटाने टंकायची. दोन टोकदार कंसांमध्ये एक शब्द लिहायचा, की ब्राउझरला कळते हे शीर्षक आहे, हा परिच्छेद आहे, हा तक्ता आहे. तिने कंस शोधायलाच बराच वेळ घेतला. फाइल चुकीच्या नावाने जतन केली, त्यामुळे पानाऐवजी नुसते कंसच दिसले. तिने नाव बदलले. मग तक्ता दिसला. तिने "ARVI" असे लिहून पाहिले, ते नीट उमटले. ती हसली. पुष्कळ दिवसांनी माझ्या सगळ्या अक्षरांवर बोटे फिरली होती.

मग तिने मराठीत "आर्वी" लिहिले.

पडद्यावर कचरा उमटला. डोक्यावर टिंबे असलेली, शेपट्या असलेली परकी अक्षरे. तिने पुसून पुन्हा लिहिले. पुन्हा तेच. तिने धडा पहिल्यापासून वाचला. त्यात काही सापडले नाही. मोठे कोर्स उघडून पाहिले. त्यांतली सगळी उदाहरणे इंग्रजीत होती. कोणाच्या नावाला मात्रा नव्हती, कोणाच्या गावाला रफार नव्हता. तिची अडचण त्या शिकवणाऱ्यांना कधी आलीच नसेल. मित्रांनो, माझा सर्वांत मोठा राग याच गोष्टीवर आहे. माझ्या पोटात धड्यांचा डोंगर होता आणि तळेगावच्या मुलीने आपल्या भाषेत एक शब्द लिहिला तर काय करावे, हे सांगायला कोणी थांबले नव्हते. खरे तर उत्तर एका ओळीचे होते. मला ते ठाऊक होते. पण मला तोंड नाही.

दीपमाला दोन दिवस आली आणि दोन्ही दिवस कचराच पाहून गेली. दुसऱ्या दिवशी जाताना ती स्वतःशीच म्हणाली, "हे आपल्यासाठी नाईच वाटते."

तेव्हा अश्विन दारात उभा होता. तो कधी आला, ते मलाही कळले नव्हते. त्याने पडद्यावरची ती अक्षरे पाहिली.

"पानाच्या वर एक ओळ टाकतेत सगळे," तो हळूच म्हणाला. "कायची हाय, ते मी कधी ऐकलं नाई. पुढंच ढकलत गेलतो. पण टाकतेत सगळेच."

"मंग लावून पाह्य ना. बस."

अश्विन बसला. त्याने एक जुना व्हिडिओ लावला आणि 'करून बघा'चा जो भाग तो नेहमी ढकलायचा, तो पहिल्यांदा नीट ऐकला. मराठीचे नाव त्यात नव्हते, पण कोणत्या लिपीची अक्षरे कशी वाचायची हे ब्राउझरला सांगणारी ती ओळ होती. त्याची बोटे कीबोर्डवर अडखळत होती. एक कंस राहिला, दीपमालाने तो दाखवला. मग त्याने पान पुन्हा उघडले.

"आर्वी" असे स्वच्छ उमटले. खाली "तळेगाव" उमटले.

दीपमालाने त्या दोन्ही शब्दांवरून बोट फिरवले. मी क्षणभर घरघरलो नसेन, असे मला वाटते.

त्यानंतर ते पान इंटरनेटवर चढवायला त्यांना आणखी काही दिवस लागले. त्यातही चुका झाल्या, भांडणे झाली. पण अश्विन पळून गेला नाही. एका संध्याकाळी दीपमाला बापूरावांना अभ्यासिकेत घेऊन आली. त्यांनी चप्पल बाहेर काढली आणि खिशातून मोबाइल काढला. दीपमालाने पान उघडून दिले. पांढऱ्या पानावर काळा तक्ता, सजावट काहीच नाही. बापूराव बोट ठेवून वाचत गेले.

"उद्याची संध्याकाळची साडेपाचाले निघते म्हणते."

"हो. स्टँडवर फोन करून विचारलं. बदलली त मी इथंच बदलवीन. सरिताच्या घरी पण दाखवलं."

बापूरावांनी मोबाइल खिशात ठेवला. "मंग मी सहाले फाट्यावर येतो," ते म्हणाले. एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी दीपमाला कॉलेजला गेली.

ही गोष्ट इथे संपली असती तर माझ्या आवाजात चीड उरली नसती. पण प्रभाकरराव प्रकृतीमुळे मुलाकडे राहायला गेले. अश्विन नागपूरला गेला. तो तिथे पाने लिहितो की पुन्हा कोर्स जमवतो, मला कळायला मार्ग नाही. अभ्यासिकेचा कारभार नानाजींकडे आला. ते भले गृहस्थ आहेत. त्यांनी खटपट करून नवे संगणक आणले, त्यांच्यावर प्लास्टिकची आवरणे घातली, मला विहाराच्या अडगळीत हलवले आणि अभ्यासिकेच्या खोलीला कुलूप लावले.

दीपमालाने किल्ली मागितली तेव्हा ते म्हणाले, "आताच काऊन पाह्यजे? उद्घाटन होऊ दे. पोरं बिघडवतेत."

उद्घाटनाला पाहुणे मिळत नाहीत म्हणून ते अजून व्हायचे आहे. आत नवे संगणक कोरे आहेत आणि बाहेर शिकणारी मुले कोरी आहेत. मधे एक कुलूप आहे.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे. मला पुसून, हार घालून ठेवा, असे मी म्हणणार नाही. माझे एवढेच मागणे आहे की यंत्राला हात लागू द्या. दहा धडे जमवण्यापेक्षा एक उघडा, आणि शिकवणारा करून बघा म्हणेल तेव्हा तो भाग पुढे ढकलू नका. आणि तुमच्यातल्या कोणाला पुढे हे काम आले, तर आपल्या भाषेत एक धडा लिहा. आपल्या गावाचे नाव नीट उमटेल असा.

काल दीपमालाने सतरंज्या बाजूला सारून मला सुरू केले. सुरू व्हायला मी बराच वेळ घेतला. तिच्याबरोबर अंकिता होती, कॉलेजात नुकतीच जाऊ लागलेली. दीपमालाने आपले हात मांडीवर ठेवले आणि नुसते सांगत राहिली. अंकिताने कंस शोधले, वरची ती ओळ लिहिली, मग स्वतःचे नाव लिहिले. पडद्यावर अनुस्वारासकट "अंकिता" उमटले.

ती पडद्याकडे वाकून बघत राहिली. "हे मी केलं?"

"तूच केलं," दीपमाला म्हणाली. "आता मिटव अन् न पाह्यता पुन्हा कर."